गुळव्या आणि मुकादम

(शिरूर व दौंड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



'तंत्रज्ञान-उद्योगातील नेतृत्व आणि उद्योगाची वाढ' हा विषय मी सुचविला, तेव्हा संयोजकांच्या चेहऱ्यावर शंका उमटली होती. माणसे कशी सांभाळावीत आणि धंदा कसा वाढवावा, हा मालकांच्या शिबिरांतला विषय. तो कामगार-शेतकऱ्यांत काम करणाऱ्यांपुढे कशासाठी, अशी ती शंका. ती रास्त आहे. परंतु रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींनी या दोन तालुक्यांचे अर्थकारण बदलून टाकले आहे. आपल्या गावांतली मुले कारखान्यांत आहेत, पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत, काहींनी स्वतःच्या कंपन्याही काढल्या आहेत. कोणी कोणाच्या हाताखाली काम करतो, कोणी इतरांकडून काम करवून घेतो. या संबंधांविषयी आपण बोललो नाही, तर त्यांना तो विषय मालकांच्याच भाषेत शिकावा लागेल.

गेल्या दिवाळीत माझे दोन जुने विद्यार्थी चार दिवसांच्या अंतराने घरी आले. पहिला दौंड तालुक्यातला. पुण्यात त्याची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे. तो म्हणाला, "सर, आम्ही पाच जण होतो तेव्हा कामे वेळेवर होत होती. आता चाळीस आहोत, आणि एक काम धड तडीस जात नाही. शिकवून तयार केलेली माणसे सोडून जातात. माझे चुकते कोठे?"

दुसरा शिरूर तालुक्यातला. पदविका घेऊन रांजणगावच्या एका कारखान्यात आहे. कारखान्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. चौदा जण त्याच्या हाताखाली आहेत, छातीवर 'टीम लीडर' अशी पट्टी आहे. पण त्याचे स्वतःचे नाव कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे. तो म्हणाला, "सर, सात महिने झाले की पोरं बदलतात. हात बसला की त्यांना घरी पाठवतात. माझंही कंत्राट मार्चला संपतं. मग मी लीडर कशाचा?"

दोघांचा प्रश्न एकच आहे, असे मला वाटते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपल्याच शिवारात पाहू.

या भागाला माणसांकडून काम करवून घेण्याच्या दोन रीती फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. एक गुऱ्हाळाची. दौंड तालुक्यातील माझ्या गावी लहानपणी मी गुऱ्हाळावर तासन्‌तास बसत असे. कोणी चरकात ऊस लावतो, कोणी चुलवाणात चिपाडे सारतो, कोणी उकळत्या रसावरची मळी काढतो. आणि काहील केव्हा उतरवायची हे गुळव्या ठरवितो. त्या क्षणी गुऱ्हाळाचा मालकही गप्प राहतो, कारण पाक घाईने उतरला तर गूळ बसत नाही आणि उशीर झाला तर करपतो. गुळव्याचा अधिकार त्याच्या जाणतेपणातून येतो. आज मळी काढणारा पोरगा त्याच्या शेजारी उभा राहून उद्याचा गुळव्या होतो. गुऱ्हाळात सारे आलबेल होते असे मी म्हणत नाही. मजुरी तुटपुंजी होती, जातीची उतरंड होती. मी फक्त नेतृत्वाच्या रीतीविषयी बोलतो आहे.

दुसरी रीत ऊसतोडणीच्या टोळीची. मुकादम कारखान्याकडून उचल घेतो, ती मजुरांना देतो आणि हंगामभर त्यांची मेहनत त्या उचलीशी बांधून ठेवतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. दोन माणसांचे मोजमाप एका हत्याराच्या नावाने होते. मुकादमाला उसाचे ज्ञान असण्याची गरज नाही. त्याचे काम माणसे पुरविणे. वीस हंगाम तोडणी केलेल्या मजुराला एकविसाव्या हंगामी पद वाढत नाही, की कारखान्याच्या कारभारात शब्द मिळत नाही. टोळीची संख्या वाढते आणि मुकादमाचा व्यवसाय वाढतो. मजूर होता तेथेच राहतो.

आता या दोन रीती मनात ठेवून आधुनिक उद्योगाकडे वळू.

चाळीस माणसांचे काम पाचांपेक्षा मंद का होते, याचे उत्तर फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालीच एका पुस्तकात दिले आहे. आय. बी. एम. कंपनीच्या एका प्रचंड संगणक-प्रणालीचे काम त्यांनी सांभाळले होते. रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली की ते आणखी रेंगाळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचे गणित सोपे आहे. पाच माणसांत एकमेकांशी बोलण्याच्या जोड्या होतात १०. चाळीस माणसांत ७८०. शिवाय जुन्या जाणत्यांचा वेळ नव्यांना शिकविण्यात जातो. ऊस तोडायला दुप्पट माणसे लावली तर फड लवकर मोकळा होतो. बुद्धीच्या कामाला हा हिशेब लागू पडत नाही. माझ्या दौंडच्या विद्यार्थ्याने पाचांचे गुऱ्हाळ चाळिसांच्या टोळीसारखे चालवायला घेतले, ही त्याची चूक होती. प्रत्येक निर्णय त्याच्याकडे यायचा, आणि निर्णयाशिवाय जाणती माणसे टिकत नाहीत.

ती टिकवण्यासाठी काय करावे? याचे एक उत्तर आपल्या जिल्ह्यात सुरू झालेल्या कंपनीने दिले. १९८१ साली सात अभियंत्यांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर पुण्यात इन्फोसिस काढली. १९८३ साली ती बंगळूरला गेली. १९९४ पासून तिने कर्मचाऱ्यांना समभाग देण्याची योजना राबविली आणि त्यातून अनेक सामान्य घरांतल्या मुलांच्या हाती संपत्ती आली. ज्ञानावर चालणाऱ्या उद्योगात कर्मचारी हेच भांडवल आहे, ही जाण त्यामागे होती, आणि तिचे श्रेय नाकारण्याचा कोतेपणा आपण करू नये. पण तिची मर्यादाही पाहावी. समभाग मिळाल्याने नफ्यात वाटा आला. कामाचे तास, कपात, कामाची दिशा यांवर कर्मचाऱ्यांचा शब्द आला नाही. तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असा सल्ला २०२३ साली याच कंपनीच्या एका संस्थापकांनी जाहीरपणे दिला. वाटा दिला तरी अधिकार दिला जातोच असे नाही.

आता रांजणगाव. एल. जी. इलेक्ट्रॉनिक्सचा भारतातला दुसरा कारखाना २००४ साली येथे उभा राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये या कंपनीचे समभाग प्रथमच सर्वसामान्य गुंतवणूकदारांना विकण्यात आले. विक्री ११,६०७ कोटी रुपयांची होती. कोरियातील मूळ कंपनीने आपल्या मालकीचा १५ टक्के हिस्सा विकला. नवे समभाग काढलेच नव्हते, म्हणून यातला एक रुपयाही भारतीय कंपनीच्या भांडवलात आला नाही. यात बेकायदा काही नाही, व्यवहार उघड होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच विचारतो की, वीस वर्षांत जे मूल्य वाढले ते कोणाकोणाच्या श्रमाने वाढले, आणि त्याची किंमत झाली तेव्हा वाटणीला कोण बसले? येथेच केंद्र सरकारने २०२२ साली इलेक्ट्रॉनिक उत्पादनांचा समूह मंजूर केला: २९७ एकर जमीन, सुमारे ४९३ कोटींचा खर्च, त्यातले सुमारे २०८ कोटी केंद्राचे. जमीन आपल्या भागाची, पैसा जनतेचा. तेव्हा हा उद्योग कसा वाढावा, हे विचारण्याचा हक्कही जनतेला आहे.

रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली एक मूलभूत प्रश्न विचारला होता. बाजारात सारे काही विकत मिळते, तर मग कंपनी नावाची संस्था हवीच कशाला? त्यांचे उत्तर असे की, दर वेळी बाजारात जाऊन नवा सौदा करण्याला खर्च पडतो. माणसे कायमची बरोबर असली तर तो वाचतो. आजच्या कारखान्याने हा सौदा करण्याचे काम कंत्राटदारावर सोपविले आहे. शिकाऊ उमेदवाराला तर १९६१ च्या कायद्याने कामगारच मानलेले नाही; त्यामुळे शिकाऊंकडून नियमित उत्पादन करून घेण्याचा मोह सुटत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार लावू नयेत असे त्यांत म्हटले आहे, पण असे काम नेहमी कंत्राटदाराकडूनच होत असेल किंवा कामाचा बोजा अचानक वाढला असेल तर मुभाही आहे. ही फट किती रुंदावते, हे फाटकावरील संघटनेच्या ताकदीवर ठरेल. सात महिन्यांत माणूस बदलणारा कारखाना यंत्रे नवी आणतो, पण माणसांच्या बाबतीत मुकादमाचीच रीत चालवितो. लीडरची पट्टी लावल्याने त्यात फरक पडत नाही.

मग दुसरा मार्ग आहे काय? आहे. प्रवरेचा साखर कारखाना शेतकऱ्यांनी उभारला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते. अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी एका मेजाभोवती बसले, ही आपल्या सहकाराची सुरुवात. केरळात उरालुंगल येथे १९२५ साली रस्त्या-बांधकामावरच्या मजुरांनी आपली सहकारी संस्था काढली; त्याच मजूर-संस्थेने २०१६ साली कोझिकोडला माहिती-तंत्रज्ञानाचे संकुल उभारले. स्पेनमधील मोंद्रागोनमध्ये एका धर्मगुरूच्या तंत्रशाळेतील पाच तरुणांनी १९५६ साली स्टोव्ह बनविण्याचा कारखाना काढला. पुढे तेथे शीतकपाटे आणि धुलाईयंत्रे बनू लागली. म्हणजे रांजणगावात बनते तीच वस्तू तेथे कारखान्याचे मालक असलेले कामगार बनवीत होते.

पण आपण स्वतःची फसवणूक करून घेऊ नये. मोंद्रागोनचा हा घरगुती उपकरणांचा उद्योग २०१३ साली दिवाळखोरीत गेला. त्या सहकारी परिवाराने आपल्या बहुतेक सभासद-कामगारांना दुसऱ्या संस्थांत सामावून घेतले, हे त्याचे मोठेपण. परंतु पोलंड-फ्रान्समध्ये त्याने जे कारखाने घेतले होते, तेथील कामगारांना सभासदत्व कधी मिळालेच नव्हते. वाढण्याच्या घाईत सहकारानेही बाहेरच्या कामगाराशी मुकादमाचेच नाते जोडले. आपल्याकडचा सहकार वेगळा नाही. ऊस पिकवणारा सभासद झाला. ऊस तोडणारा टोळीतच राहिला. पाटसचा भीमा सहकारी कारखाना काही हंगाम बंद राहून अखेर भाडेपट्ट्याने द्यावा लागला, हे दौंडकरांना मी सांगायला नको. सहकाराच्या नुसत्या पाटीने काम भागत नाही, हा त्याचा धडा.

म्हणून उद्योग वाढला की नाही, हे ठरविताना मी तीन प्रश्न विचारतो. तेथे काम करणाऱ्याचे कसब दरवर्षी वाढते काय? त्याच्या कामाविषयीच्या निर्णयात त्याला शब्द आहे काय? आणि वाढलेल्या मूल्यात त्याचा वाटा आहे काय? नेत्याचीही हीच कसोटी. उद्या तो आला नाही तर त्याचे काम करू शकतील अशी माणसे ज्याच्या भोवती तयार झाली, तो गुळव्या. ज्याच्या भोवती फक्त हजेरीपट लांबला, तो मुकादम. मग त्याची कचेरी वातानुकूलित असो वा फडाच्या बांधावर.

हे तीन प्रश्न तुम्ही फाटकाफाटकावर न्यावेत, एवढीच माझी विनंती आहे. कंत्राटी मुलांची गावनिहाय यादी करा. कोण किती महिने कोणत्या यंत्रावर होता, याची नोंद ठेवा. कायद्यातली फट बुजवायची तर अशी नोंदच पुरावा ठरेल. आपल्या मुलांनी कंपन्या काढल्या असतील तर त्यांच्याकडेही जा. नफ्याचा हिशेब सर्वांसमोर मांडा, असे त्यांनाही सांगा.

माझ्या दौंडच्या विद्यार्थ्याने संक्रांतीला निरोप पाठविला. त्याने चाळीस जणांचे सात गट केले आहेत, आणि दर तिमाहीचा जमाखर्च सर्वांसमोर वाचायला सुरुवात केली आहे. वाट्याचे अजून ठरलेले नाही. मी विचारत राहणार आहे. शिरूरच्या मुलाला मात्र मला असे काही सांगता आले नाही, कारण त्याचे उत्तर त्याच्या एकट्याच्या हाती नाही. मार्चअखेर त्याचे कंत्राट संपेल. त्या दिवशी फाटकाबाहेर त्याच्याबरोबर कोण उभे असेल, हे येथे बसलेल्यांनी ठरवावयाचे आहे.