अचलपूरची ख्रिस्ती मंडळी

अचलपूर म्हटलें म्हणजे इमादशाहीची राजधानी, जुन्या मशिदी आणि हौजकटोरा हीं डोळ्यांपुढें येतात. एलिचपूर या नांवानें इतिहासांत गाजलेल्या या शहरांतील ख्रिस्ती उपासनेची कथा त्या मानानें अलीकडची आहे. मराठी ख्रिस्ती लोक उपासनेच्या इमारतीला ‘देऊळ’ म्हणतात आणि उपासकांच्या समुदायाला ‘मंडळी’. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे अचलपूरचा इतिहास नीट उलगडतो.

१८०३ च्या नोव्हेंबरांत आडगांवची लढाई झाली. पुढच्याच महिन्यांत वेलस्लीनें आपल्या जखमी शिपायांसाठीं एलिचपुरास रुग्णालय उघडलें व गाविलगड घेतला. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. शहरालगत परतवाडा येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. शिपाई एतद्देशीय, वरिष्ठ अधिकारी इंग्रज. छावणीची उपासना त्या मूठभर अधिकाऱ्यांची व त्यांच्या कुटुंबांची. तिची भाषा इंग्रजी. १९०३ मध्यें ही फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झाली, आणि १९०५ मध्यें एलिचपूर जिल्हा अमरावतींत सामील झाला. जी उपासना सैन्याबरोबर आली, ती सैन्याबरोबरच ओसरली. तिनें गांवांत मूळ धरलें नव्हतें.

दुसरा प्रवाह निराळा होता. १८७० नंतरच्या दशकांत आल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी एलिचपुरास आले. ठराविक वेतनाचा आधार न घेतां ईश्वरावर भरंवसा ठेवून काम करावें, असा त्यांचा पंथ. त्यांच्यासमवेत काम करण्यास आलेल्या जेनी फ्रो या पुढें फुलर झाल्या व अकोल्यास गेल्या. हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर त्यांनीं लिहिलेलें पुस्तक १९०० मध्यें पंडिता रमाबाईंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झालें. नॉर्टन यांनीं पुढें दौंड येथें दुष्काळांतील अनाथ मुलांसाठीं आश्रम चालविला.

तिसरा प्रवाह मेळघाटाकडे वळला. १८९० च्या सुमारास कोरकू व मध्य हिंदुस्थान पहाडी मिशनचें काम एलिचपुराहून सुरू झालें. डोंगरांतील कोरकूंना मराठी परकी होती, मग इंग्रजीची कथा काय? त्यांची भाषा मुंडा कुळांतली. या कुळाची ती सर्वांत पश्चिमेकडील शाखा. मिशनचे जॉन ड्रेक यांनीं तिचा अभ्यास करून १९०३ मध्यें तिचें व्याकरण प्रसिद्ध केलें. उपदेश करावयास आलेल्या माणसाला प्रथम विद्यार्थी व्हावें लागलें, ही गोष्ट लहान नव्हे.

याच काळांत १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले. मेळघाटांत माणसें अन्नावांचून मेलीं. अशा वेळीं अन्न देणाऱ्या हाताविषयीं कृतज्ञता वाटणें स्वाभाविक. पण भुकेल्याला भाकरीबरोबर धर्मही दिला तर त्याची निवड कितपत मोकळी, हा आक्षेपही तितकाच स्वाभाविक आहे. इतिहासकारानें दोहोंपैकीं एकाकडेही डोळेझांक करूं नये. ख्रिस्ती झालेल्यांची संख्या फार वाढली नाहीं, एवढें मात्र खरें. परतवाड्याजवळ कोठारा येथें ख्रिस्ती मिशननें उभारलेलें कुष्ठरुग्णालय शंभराहून अधिक वर्षें रुग्णांच्या उपयोगीं पडत आलें आहे. तेथें येणाऱ्या रुग्णाला रोग पुरेसा असतो. धर्म बदलावा लागत नाहीं.

कोरकू भाषेंत, मराठीप्रमाणेंच, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठीं निरनिराळे शब्द आहेत. एकांत ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यांत तो सामावतो. छावणीची उपासना ‘आम्ही’ म्हणणारी होती, म्हणून ती आम्हींबरोबर गेली. जिनें ‘आपण’ म्हणण्याचा यत्न केला, ती मंडळी संख्येनें लहान असली तरी या भूमीची झाली. देऊळ दगडाचुन्यानें बांधतां येतें. मंडळी भाषेनें आणि सेवेनेंच बांधावी लागते.