उलट्या साच्यातलं बाकडं

आमच्या अम्माचं वय आता ७८ आहे. गुडघे गेलेत. जमिनीवर बसणं बंद होऊन सात-आठ वर्षं झाली. नमाजही ती खुर्चीवर बसूनच पढते. पण असरची नमाज झाली की तिला अंगणात जाऊन बसायचं असतं. तिथं एक लिंबाचं झाड आहे, मेंदीचं झुडूप आहे आणि कुंपणापलीकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करता येते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिची प्लास्टिकची खुर्ची ओल्या मातीत एका पायानं रुतली आणि कलली. अम्मा पडली. मनगटावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, या वयात मांडीचं हाड मोडलं असतं तर अवघड होतं.

त्या रात्री मी ठरवलं की अंगणात हलणार नाही, रुतणार नाही, कलणार नाही असं बाकडं हवं. आणि ते मी स्वतः करणार.

ऐकणाऱ्यांना यात विशेष काही वाटणार नाही. बाजारात सिमेंटची तयार बाकडी मिळतात. एस. टी. स्टँडवर, देवळापुढं, पारावर, स्मशानभूमीत, जिथं पाहाल तिथं ती असतात आणि पाठीवर लिहिलेलं असतं, ‘कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ’. पण माझ्यासाठी हा प्रश्न वेगळा होता. कारण तीच बाकडी करून माझ्या वडिलांनी आमचं घर चालवलं होतं, आणि मी आयुष्यात कधी घमेल्याला हात लावला नव्हता.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. अब्बा तिथल्या सिमेंटच्या वखारीत साचे भरायचे. बाकडी, कुंड्या, कुंपणाचे खांब, न्हाणीघरातल्या टाक्या. त्यांचं शिक्षण दुसरीपर्यंतचं. पण बाकड्यावर नावं उमटवायची असत, आणि ती साच्याच्या तळाला लाकडी अक्षरं उलटी बसवून उमटवली जात. त्यामुळं अब्बांना देवनागरी अक्षरं उलटी पटापट वाचता यायची आणि सुलटी वाचताना ते अडखळायचे. माझी पहिली अक्षरओळख त्याच साच्यांतली. शाळेत पहिल्या दिवशी मी पाटीवर ‘क’ उलटा काढला आणि गुरुजींनी कान पिळला, हे मला अजून आठवतं.

मी बारा वर्षांचा झाल्यावर अब्बांनी मला वखारीत यायची बंदी केली. का, ते त्यांच्या हातांकडं पाहिलं की कळायचं. ओलं सिमेंट चुन्यासारखं तीव्र असतं. ते कातडी जाळतं, कोरडी करतं, भेगा पाडतं. त्या काळी हातमोजे कुठले? रात्री अम्मा त्यांच्या भेगांमध्ये खोबरेल भरायची. मी पुस्तक घेऊन शेजारी बसायचो. मी बी. ए. झालो, नोकरी लागली, कविता छापून आल्या. कवितेत मी त्या हातांबद्दल लिहिलं, टाळ्याही मिळाल्या. पण त्या हातांना काय येत होतं, हे मी एकदाही विचारलं नाही.

आणि बाकडं करायचं ठरवलं तेव्हाही विचारलं नाही. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले. त्यात सांगितलं होतं की साच्याच्या तळाला सनमायका बसवा आणि बैठक पालथी ओता, म्हणजे वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत येते. मी तसंच केलं. वर कवीची हौस अशी की माझ्याच कवितेची एक ओळ रबरी अक्षरांत कापून तळाला चिकटवली. उलटी, अगदी बरोबर. लहानपणीचं शिक्षण कामी आलं म्हणून स्वतःवर खूष झालो. तळाजवळ सळ्या ठेवल्या, माल कालवला, ओतला. हाताला जड लागतो म्हणून पाणी जरा सढळ घातलं. दोन दिवस पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी एका कार्यक्रमासाठी परगावी गेलो. आठव्या दिवशी परत आलो, शेजारच्या पोरांना बोलावून बैठक उलटवली आणि विटांच्या दोन थरांवर ठेवली.

अम्मा बसायच्या आधी मी बसून पाहिलं, हे आमचं नशीब. जरा जोरात बसलो, एवढंच. कट्‌ असा आवाज झाला आणि बाकडं कवितेच्या ओळीच्या बरोबर मध्यावर तडकलं.

अब्बा ओसरीवर बसले होते. आता ते ८१ वर्षांचे आहेत, डोळ्यांना अंधुक दिसतं. काठी टेकत आले. तडा बोटांनी चाचपला, अक्षरं चाचपली, कडेच्या मोडीत बोट घालून सळई कुठं आहे ते पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हरफ उल्टे किया, तो सळ्यां क्यों नै किया रे?”

अक्षरं उलटी केलीस, मग सळ्या का नाही केल्यास? मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. बी. ए. झालेला माणूस बाकडं मोडलं की पुस्तक उघडतो, तसं मी उघडलं. त्यात कळलं ते असं. काँक्रीटवर दाब आला तर ते पुष्कळ सोसतं, पण ते ताणलं गेलं तर लवकर तडकतं. आपण बाकड्यावर बसलो की बैठक अगदी किंचित खाली वाकते. वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. म्हणून सळई खालच्या बाजूला हवी. ताण पोलादानं घ्यायचा, दाब काँक्रीटनं. मी बैठक पालथी ओतली होती. साच्याच्या तळाजवळ ठेवलेली सळई उलटवल्यावर वर आली, जिथं तिला फारसं कामच नव्हतं.

पुस्तकात आणखी एक गोष्ट सापडली आणि मी ती अब्बांना वाचून दाखवली. १८२४ साली इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. पुढं जोसेफ मोनिए नावाचा एक फ्रेंच माळी होता. लाकडी कुंड्या कुजायच्या, मातीच्या फुटायच्या. त्यानं लोखंडी जाळीवर सिमेंट थापून कुंड्या केल्या आणि १८६७ साली त्यांचं पेटंट घेतलं. त्याच्याच पद्धतीनं १८७५ मध्ये फ्रान्समध्ये एक पूलही उभा राहिला. आज आपल्या डोक्यावर जो स्लॅब असतो, त्याचं एक मूळ असं बागेतल्या कुंडीत आहे. अब्बा ऐकून म्हणाले, “म्हणजे आपल्याच धंद्यातला होता.”

दुसरं बाकडं आम्ही दोघांनी केलं. ते खुर्चीवर बसून सांगत होते, मी करत होतो. रेडिओवर हात करून दाखवता येत नाहीत, म्हणून शब्दांत सांगतो. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

बैठक ४ फूट लांब, १५ इंच रुंद, अडीच इंच जाड. दोन पाय, प्रत्येकी १६ इंच उंच, १३ इंच रुंद, ३ इंच जाड. म्हणजे बसायची उंची साडेअठरा इंच होते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायला एवढी उंची बरी. याला अर्धं पोतं, म्हणजे २५ किलो सिमेंट पुरतं. तयार झाल्यावर बैठक सुमारे ७० किलोची आणि एकेक पाय २५ किलोचा होतो. ही वजनं आधी सांगतो, कारण हे एकट्यानं उचलायचं काम नाही.

साचा प्लायवूडचा. फळ्या खिळ्यांनी नव्हे, स्क्रूनं जोडायच्या, म्हणजे सोडवताना हातोडा लागत नाही. आतून तेलाचा हात फिरवायचा, केसांना लावतो तेवढाच. माल एकास दीड आणि तीन. एक घमेलं सिमेंट, दीड वाळू, तीन बारीक खडी. खडी १० ते १२ एमएमची, मोठी नको. पूर्वी कृष्णेची वाळू मिळायची. आता क्रश सँड वापरतात, आणि अब्बांचा तिच्यावर विश्वास नाही. त्यांनी काचेच्या ग्लासात मूठभर टाकून, पाणी घालून ढवळायला लावलं. वाळू खाली बसली आणि वर मातीचा जाड थर आला. ती परत पाठवली. दुसरी आणली तेव्हा कामाला सुरुवात झाली.

पाणी हीच सगळ्यात मोठी परीक्षा. २५ किलो सिमेंटला साधारण १२ लिटर, आणि वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पाणी जास्त घातलं की माल कालवायला सोपा जातो, पण पुढं ते जादा पाणी उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. अब्बांनी रबरी हातमोजा घातलेला हात पुढं केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हातमोजा घातला होता, तोही सुनेनं दटावल्यावर. मूठभर माल घेऊन त्यांनी दाबला. “लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी ओघळता कामा नये.” तीनदा नाही म्हणाले, चौथ्यांदा मान हलवली.

साचा निम्म्याहून जास्त भरायचा, लाकडानं ठोकून बसवायचा, मग सळ्यांची जाळी ठेवायची. लांबीत ८ एमएमच्या तीन, आडव्या ६ एमएमच्या, बाइंडिंग तारेनं बांधलेल्या. बैठक पालथी ओतत असाल तर ही जाळी उघड्या तोंडापासून एक इंच खाली यायला हवी, कारण तीच पुढं बाकड्याची खालची बाजू होणार. सळईचं टोक बाहेर दिसता कामा नये, नाहीतर गंज आतपर्यंत जातो. मग साचा पूर्ण भरून कडेनं हलके ठोके द्यायचे, म्हणजे हवेचे बुडबुडे वर येतात.

आता खरं काम सुरू होतं, आणि तिथंच माझ्यासारखे लोक चुकतात. आपल्याला वाटतं, काँक्रीट वाळतं. ते वाळत नाही, ते पिकतं. सिमेंट आणि पाणी यांचा संयोग होऊन ते कठीण होतं, आणि त्याला दिवसचे दिवस पाणी लागतं. मध्येच कोरडं पडलं की पिकणं थांबतं. दोन दिवसांनी कडेच्या फळ्या काढा, पण निदान दहा दिवस, उन्हाळ्यात चौदा दिवस ओलं गोणपाट टाकून ठेवा. उलटवायचं ते त्यानंतर, चौघांनी मिळून. बसायचं महिन्यानं. काँक्रीटची ताकद मोजतात तीसुद्धा २८ व्या दिवशी.

ते चौदा दिवस मी गाव सोडलं नाही. सकाळी फजरनंतर एकदा, मग दुपारी, मग संध्याकाळी पाणी. अब्बा ओसरीवरून विचारायचे, “गोणपाट ओलं आहे का?” मी हो म्हणायचो. तरी ते काठी टेकत यायचे आणि हात लावून पाहायचे.

उरलेल्या सिमेंटमधून एक कुंडीही केली. मोठ्या बादलीत छोटी बादली ठेवून मध्ये माल भरला, तळाला पाइपचा तुकडा ठेवून भोक पाडलं. नव्या सिमेंटच्या कुंडीत लगेच झाड लावू नका. तिच्यातला क्षार मुळांना सोसत नाही. आठ-दहा दिवस पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. आणखी एक गोष्ट. सिमेंटच्या उत्पादनातून जगाच्या कार्बन उत्सर्जनाचा सुमारे सात-आठ टक्के भाग येतो. म्हणून हौसेसाठी अंगण भरून टाकू नका. जे लागेल तेवढंच करा, पण असं करा की नातवंडांना पुरेल.

महिन्यानं मुरूम ठोकून पाय उभे केले, वर बैठक बसवली. या वेळी तिच्यावर एकही अक्षर नव्हतं. अम्मा आली, आधी हातानं दाबून पाहिलं, मग बसली. “तुझी कविता कुठाय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, “ती मोडली.” ती हसली आणि कुंपणापलीकडून जाणाऱ्या शेजारणीला हाक मारून म्हणाली, “या, बसा. तिघींची जागा आहे.”

अंधार पडल्यावर अब्बा एकटेच तिथं बसले होते. त्यांचा हात बैठकीच्या कडेवरून फिरत होता, खालच्या खडबडीत बाजूपर्यंत. मी शेजारी जाऊन बसलो. बाकडं हललं नाही. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “पुढच्या खेपेला कडा जरा गोल मार. म्हाताऱ्या माणसाच्या पायाला टोचते.”

पुढची खेप येत्या हिवाळ्यात आहे. साचा मी मोडलेला नाही.