उन्हातला चेहरा

दिल्लीहून जयपूरकडे जाणारा महामार्ग गुरुग्राम मागे टाकतो आणि थोड्याच वेळात अरवलीच्या पायथ्याशी मानेसर लागते. एके काळचे हे शेतकऱ्यांचे गाव. आता तेथे मोटारींचे कारखाने उभे आहेत. चाकरीच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुण माणसे त्या परिसरात येऊन राहिली आहेत. हिवाळा सरत आला की हरियाणाच्या या पट्ट्यात मोहरी फुलते, आणि लग्न ठरलेली जोडपी त्या पिवळ्या रानात छायाचित्रे काढवून घेतात. चित्र उघड्यावर काढायचे म्हणजे उजेड सूर्याच्या मर्जीचा. त्याची तडजोड छायाचित्रकार जागेवरच करतो. परंतु खरी कसोटी लागते ती नंतर, संगणकासमोर बसल्यावर. या चेहऱ्यात काय पुसायचे आणि काय राहू द्यायचे?

हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. म्यूनिखच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात एकाच व्यक्तीची दोन छायाचित्रे, एक हात फिरवलेले व एक न फिरवलेले, शेजारी शेजारी मांडली होती, असे सांगतात. पाहणाऱ्यांना पहिलेच आवडले, हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी या कलेत पुढे आली. पुढे शहरोशहरी स्टुडिओ निघाले आणि स्टुडिओच्या आतल्या खोलीत 'टचिंग' करणारा कारागीर बसू लागला.

त्याचे काम मोठ्या चिकाटीचे असे. उतरत्या मेजावर काच ठेवायची, खालून आरशाने उजेड घ्यायचा, आणि सुईसारखे लांब टोक केलेल्या पेन्सिलीने काचेवर अगदी हलके ठिपके द्यायचे. काचेवर सारे उलटे असते. चेहऱ्यावरची सुरकुती तेथे पारदर्शक दिसते. ती पेन्सिलीने भरली की छापताना उजळते. उलट एखादी जागा गडद हवी असेल तर धारदार चाकूने थर किंचित खरवडायचा. पेन्सिल जरा अधिक चालली की चेहरा मेणाचा होई.

या कारागिराच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्या काळच्या काचा लाल रंगाला आंधळ्या आणि निळ्या रंगाला अतिशय हळव्या होत्या. त्यामुळे गव्हाळ कातडी वस्तुतः असते त्याहून काळी उमटे, बारीकसा वांगही डागासारखा दिसे, आणि निळे आकाश कोरे पांढरे होई. गुस्ताव ल गे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० नंतरच्या दशकात समुद्राची चित्रे काढताना आकाशासाठी वेगळी काच वापरून दोन्ही एकत्र छापली, ती याच अडचणीमुळे. तेव्हा पेन्सिलीने चेहरा थोडा उजळणे हे पुष्कळदा यंत्राची चूक सुधारणे होते. जर्मनीतील हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये योग्य रंगद्रव्य मिसळून काचेला इतर रंगही दिसू लागतात हे दाखविले. १९०६ पासून सर्व रंग पाहणाऱ्या काचा बाजारात मिळू लागल्या. यंत्राचा दोष असा निघत गेला, पण पेन्सिल थांबली नाही.

ती का थांबली नाही, हे मराठी घरांना चांगले ठाऊक आहे. स्थळाकडे पाठवायचा मुलीचा फोटो म्हणजे सगळ्या घराची काळजी. मुलगी सावळी असेल तर स्टुडिओवाल्याला हळूच सुचवले जाई, आणि फोटोत ती 'निमगोरी' होऊन टपालाने परगावी जाई. मग पाहण्याचा कार्यक्रम ठरे. समोर बसलेल्या मंडळींच्या हातात फोटो, डोळ्यांसमोर मुलगी. फसवणूक स्टुडिओतल्या पेन्सिलीची, नजर खाली घालायची मात्र त्या मुलीने. वराच्या फोटोवर एवढी मेहनत क्वचितच होई.

फोटोशॉप १९९० साली आले. आज तर कित्येक मोबाइल न विचारताच कातडी गुळगुळीत करतात. याला काही बंधने आली आहेत. भारतातील जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये सावळा रंग कमीपणाचा ठरविणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले. फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीतील मॉडेलची अंगकाठी बदललेली असेल तर तसे छापावे लागते. परंतु घरगुती छायाचित्रावर असा नियम लागू नाही आणि लागू होऊही नये. तेथे करणाऱ्याची समजच कामाला येते.

ही समज पुष्कळशी उजेड ओळखण्याची आहे. मोहरीच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीखाली फुलांची पिवळी झाक चढते, गवतावर बसलेल्याच्या गळ्याला हिरवट छटा येते, झाडाच्या सावलीत कातडी निळसर दिसते. हे रंग त्या माणसाचे नव्हेत. ते उतरवणे रास्तच आहे. उत्तरेकडील हिवाळ्यातल्या धुरकट हवेने चित्र फिकट पडते, त्याला थोडा उठाव द्यावा. मागचे आकाश फार उजळ असेल तर कॅमेरा त्यालाच भुलतो आणि सावळा चेहरा अंधारात बुडवतो. तो वर काढलाच पाहिजे. किती काढावा याचे माप चित्रातच असते. कपाळ, कान, मान आणि मनगट यांचा मेळ बसेनासा झाला की हात थांबवावा. मुरूम चार दिवसांचा, तो गेला तरी चालतो. तीळ जन्माचा, तो राहावा. डोळ्यांखालची सावली दुपारच्या उन्हाची असेल तर सौम्य करावी, पण हसताना पडणाऱ्या रेषा पुसल्या तर हसूही जाते.

जोडप्याच्या चित्रात लबाडी विशेष लवकर उघडी पडते. ऊन दोघांवर सारखेच पडलेले असते. वराचा चेहरा उन्हाने रापलेला आणि वधूचा मात्र दिव्यासारखा पांढरा, असे दिसले की हात कोणावर फिरला हे लहान मूलही सांगेल. आकाशाचेही तसेच. २०२० पासून फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची सोय आहे. मानेसरच्या राखी आकाशाच्या जागी सोनेरी ढग चटकन येतात, पण नाकाची सावली भलत्याच बाजूला पडलेली राहते. शिवाय सावल्या हिरव्या-निळ्या आणि कातडी नारिंगी करण्याची एक चाल सध्या रूढ आहे. तिच्यात मानेसरची मोहरी आणि महाबळेश्वरचे धुके एकाच रंगाचे होऊन जाते. मग एवढे लांब जाऊन चित्र काढले कशासाठी, असे पाहणाऱ्याला वाटल्यास नवल नाही.

काही छायाचित्रकार काम हाती घेण्यापूर्वीच जोडप्याशी, विशेषतः वधूशी, याविषयी बोलतात. रंग उजळण्याची मागणी बहुधा तिची नसते. ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून येते, आणि पैसे देणारेही तेच असतात. अशा वेळी काही कुशल मंडळी एकाच चेहऱ्याच्या दोन प्रती, एक उजळलेली आणि एक फक्त उजेड नीट केलेली, सर्वांसमोर ठेवतात आणि निवड वधूवर सोपवतात. हान्फस्टेंगलच्या प्रदर्शनातील ती जोडीच ही, फक्त या वेळी निवडणारी व्यक्ती चित्रातली असते. कॅमेऱ्याने टिपलेली मूळ फाइलही मागून घेऊन घरात जपून ठेवावी. तिला फारशी जागा लागत नाही.