गुलाल उतरल्यानंतर : नंदुरबारच्या गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण



आम्ही काही विद्वान माणसे नव्हेत. चौथीपर्यंत शाळा झाली, पुढे कापसाच्या धुरळ्यात पाळ्या केल्या. तेव्हा भाषण जसे होईल तसे गोड मानून घ्या. सांगायचे ते एकच आहे. निवडणूक ज्या दिवशी संपते, त्या दिवसापासून आपले काम सुरू होते. मत देऊन जो घरी जाऊन झोपला, त्याचे काय गेले ते त्याला कळतसुद्धा नाही. हे आम्ही हवेत बोलत नाही. आपल्याच जिल्ह्यातला दाखला देऊन बोलतो.

आधी ताजी गोष्ट घेऊ. 2024 च्या मे महिन्यात लोकसभेचे मतदान झाले. नंदुरबारने काँग्रेसच्या उमेदवाराला दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून दिले. सहा महिने झाले, नोव्हेंबरात विधानसभा आली. तेव्हा जिल्ह्याच्या चार जागांपैकी नंदुरबार आणि शहादा भाजपकडे गेल्या, अक्कलकुवा शिंदे यांच्या शिवसेनेकडे गेली, आणि नवापूर तेवढे थोड्या मतांनी काँग्रेसकडे राहिले. राज्यात 288 पैकी 230 जागा सत्तेतल्या तीन मोठ्या पक्षांनी मिळवल्या. माणसे तीच, गावे तीच, आणि सहा महिन्यांत कौल दोन. कोणी म्हणाले लोक फिरले, कोणी म्हणाले लोक विकले गेले. आम्ही तसे म्हणत नाही. लोकांनी दिलेला कौल हा कौलच. आपल्या मनासारखा लागला तर लोकशाही आणि उलटा लागला तर लबाडी, असे म्हणणारा माणूस आपल्या कामाचा नाही. युनियनच्या निवडणुकीतसुद्धा आपण हाच नियम पाळतो.

पण कौल मानला म्हणजे तोंड शिवले असे होत नाही. आता जुनी गोष्ट ऐका.

1 नोव्हेंबर 1956 ला दिल्लीने मराठी आणि गुजराती मुलूख एका दावणीला बांधून द्विभाषिक मुंबई राज्य केले. त्याआधी 21 नोव्हेंबर 1955 ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला होता. त्या लढ्यात शंभरावर माणसे गेली, त्यांत आपले गिरणी कामगार होते. मग 1957 ची निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्र समितीत त्या वेळी कोण नव्हते? समाजवादी होते, शेकाप होता, कम्युनिस्ट होते, बाबासाहेबांचा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होता, आणि जनसंघ व हिंदुमहासभाही होती. एरवी एका पंगतीला न बसणारी माणसे एका मागणीसाठी बसली. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. तरीही 396 जागांच्या विधानसभेत काँग्रेसला 234 मिळाल्या आणि सरकार तिचेच झाले.

बंधूंनो, हिशेब लक्षात घ्या. बहुमत त्यांचे होते. कायद्याने पाच वर्षे त्यांना कोणी हलवू शकत नव्हते. पण निकालानंतर लोक घरी गेले नाहीत. सभा चालू राहिल्या, सत्याग्रह चालू राहिले. तिकडे अहमदाबादेत इंदुलाल याज्ञिक महागुजरातसाठी उभे राहिले, तेही गिरणी कामगारांतलेच पुढारी. बहुमत असलेल्या सरकारला शेवटी पाऊल मागे घ्यावे लागले, आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. निवडणूक जिंकून महाराष्ट्र मिळाला असे आपण म्हणतो ते अर्धेच खरे. निवडणुकीनंतरची तीन वर्षे लोक जागे राहिले म्हणून तो मिळाला.

आणि आता दुसरी बाजू. ज्या कायद्याने महाराष्ट्र झाला, त्याच कायद्यात आपल्या भागाचा लचका तोडला गेला. तेव्हा आपला जिल्हा पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जात होता. नंदुरबार, नवापूर, तळोदे आणि अक्कलकुवा या चार तालुक्यांतली 156 गावे गुजरातेत गेली. डांगही तिकडेच गेला. आज उच्छल, निझर, कुकरमुंडा ही नावे तापी जिल्ह्यात वाचायला मिळतात. पुढे 1972 साली उकाईचे धरण पुरे झाले आणि तिकडची कित्येक गावे पाण्याखाली गेली. मुंबई मिळाल्याचा आनंद मोठा होता, आणि तो असायलाच हवा होता. पण त्या आनंदात या 156 गावांची आठवण किती जणांना राहिली? शिवाजी पार्कवरच्या रोषणाईत तापीकाठचा अंधार दिसत नाही.

नवापूरचे स्टेशन आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सुरतेची गाडी धरायला आपली पोरे तिथेच तर उभी राहतात. एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. बाकसुद्धा निम्मे इकडे, निम्मे तिकडे. लोक फोटो काढतात, हसतात. आम्हांला त्यात हसू येत नाही आणि राग येऊन कोणावर धावून जावे असेही वाटत नाही. महाशिवरात्रीला देवमोगरा मातेच्या यात्रेला सातपुड्यातली माणसे जातात, ती रेघ पाहून थांबत नाहीत. रेघ कागदावर असते, माणसे मातीवर असतात. पण रेघ ओढली जात असताना जागे राहिले पाहिजे, एवढाच त्यातला धडा.

ज्या समितीने हे राज्य आणले तिचे काय झाले? राज्य मिळण्याच्या सुमारासच तिच्यातले पक्ष पांगू लागले. 1962 च्या निवडणुकीत काँग्रेसने 264 पैकी 215 जागा घेतल्या. बेळगावकडे पहा. तिथल्या मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या एकीकरण समितीला मते दिली, पण गटबाजी माजली आणि 2018 व 2023 या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही आमदार आला नाही. रिंग-फ्रेमवर एक तार तुटली तर आपण लगेच सांधतो. दहा तुटल्या आणि सांधणाराच जागेवर नसला, तर बॉबीन भरत नाही, मग साचा कितीही जोरात फिरो.

आता पुन्हा आजच्या काळात या. विधानसभा जिंकून पाच महिने झाले नाहीत तोच 16 एप्रिल 2025 ला सरकारचा निर्णय निघाला की पहिलीपासून हिंदी ही सक्तीची तिसरी भाषा. जूनमध्ये तो थोडा बदलून पुन्हा काढला. आम्ही हिंदीचे वैरी नाही. सुरतेच्या कारखान्यांत आपली पोरे ओरिसाच्या आणि बिहारच्या भावांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात आणि हिंदीतच बोलतात. पण धडगावच्या डोंगरात सहा वर्षांचे पोर घरात पावरी बोलते, कुठे भिली बोलते, इकडे सपाटीवर अहिराणी बोलते. त्याला शाळेत गेल्यावर मराठी शिकायची, तिच्याबरोबर इंग्रजी. त्यावर आणखी एक भाषा? 2011 च्या जनगणनेत साक्षरतेत आपला जिल्हा राज्यात शेवटचा होता. ज्या पोराच्या पायाखाली अजून पहिली पायरी नीट आली नाही, त्याला चौथी पायरी चढ म्हणायचे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

मग काय झाले? 230 जागांचे सरकार होते, विरोधक मोजके होते. तरी 29 जून 2025 ला दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले. कारण शिक्षक बोलले, आईबाप बोलले, लेखक बोलले, आणि एकमेकांचे तोंड न पाहणारे पुढारीसुद्धा एका मोर्चाची तारीख ठरवून बसले. 1957 नंतर जे घडले तेच लहान प्रमाणात पुन्हा घडले. बहुमत सरकार चालवते, पण जागा समाज त्याला मर्यादा घालतो. विधानसभेत विरोधक थोडे असले तर गावातल्या माणसाने जास्त जागे राहिले पाहिजे.

आम्ही जुन्या वळणाची माणसे आहोत, हे सांगायला आम्हांला लाज वाटत नाही. जे पिढ्यांनी बांधले ते एका रात्रीत मोडू नये, शब्द दिला तर पाळावा, घर चालवताना आधी मिळकत पहावी मग खर्च, एवढी आमची शहाणीव. या मापाने अलीकडचे राजकारण मोजले तर दोन गोष्टी खुपतात.

पहिली, शब्दाची. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद कोर्टात आणि चौकात पुष्कळ झाला. आम्ही फक्त एवढेच विचारतो की, मतदाराने ज्या निशाणीवर बोट ठेवले, त्या निशाणीचा माणूस उद्या कुठल्या तंबूत असेल याची खात्री कोण देणार? बदली कामगारसुद्धा पाळी संपेपर्यंत साचा सोडत नाही.

दुसरी, पैशाची. जुलै 2024 पासून बहिणींना महिना 1500 रुपये सुरू झाले. आमच्याही घरात येतात, त्यातून तेल-मीठ येते, पोराची वही येते. घेणाऱ्या बहिणीला नावे ठेवणारा आम्हांला आवडत नाही. पण प्रचारात काय झाले? एका बाजूने 2100 सांगितले, दुसऱ्या बाजूने 3000. लिलावात बोली चढावी तशी बोली चढली. निवडणूक झाल्यावर अर्जांची छाननी सुरू झाली आणि लाखोंचे हप्ते थांबले. जी छाननी मतांच्या आधी करायची ती मतांच्या नंतर केली. राज्याची तिजोरी ही घरच्या कणगीसारखी असते. त्यातले बियाणे काढून जेवण घातले तर पंगत खूश होते, पण पेरणीला काय? गिरणी बंद पडली तर हप्त्याने ती सुरू होत नाही, आणि शाळेत मास्तर नसला तर हप्ता फळ्यावर लिहीत नाही.

तेव्हा करायचे काय? दगड उचलायचे नाहीत, कोणाच्या दुकानाची पाटी फोडायची नाही. लक्षात ठेवा, 9 सप्टेंबर 1942 ला याच नंदुरबारात पोलिसांच्या गोळ्या छातीवर घेणारा शिरीषकुमार मेहता गुजराती बोलणाऱ्या घरातला पोरगा होता. पंधरा वर्षांचा. त्याच्याबरोबर आणखी चार पोरे गेली. त्यांचे नाव घेऊन आपण शेजाऱ्याचा द्वेष करू शकत नाही. मराठीचे राज्य म्हणजे या मातीत राहणाऱ्या सगळ्यांचे राज्य, आणि पावरी, भिली, मावची, अहिराणी बोलणारे आधी.

करायची कामे साधी आहेत. एक, ग्रामसभेला जा. आपल्या जिल्ह्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत, आणि 2015 साली आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचे ठरले. तो कुठे खर्ची पडला हे विचारायला आमदार लागत नाही, हात वर करावा लागतो. आपण पाळीला जातो, ग्रामसभा तिकडे चार माणसांत उरकते, आणि मग वर्षभर आपण चहाच्या टपरीवर कुरकुर करतो.

दोन, शाळेत जा. शाळा व्यवस्थापन समितीत चारातले तीन सभासद पालक असतात, असा कायदा आहे. मास्तर येतो का, पुस्तके वेळेवर आली का, पोर वाचते का, हे पाहणे म्हणजेच भाषेचे राज्य राखणे.

तीन, वही ठेवा. निवडणुकीत तुमच्या गावात कोण काय बोलून गेला, तारखेसह लिहा. आपला पक्ष असो की दुसऱ्याचा, सहा महिन्यांनी वही घेऊन त्याच्या दारात जा. पगारपत्रकातला एक रुपया कमी पडला तर आपण ऑफिसात जाऊन विचारतो ना? मग हेही विचारा.

चार, निवडणुकीपुरते ज्याला ज्या पक्षाचे काम करायचे ते करू द्या. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी युनियनच्या सतरंजीवर सगळे एक. 1957 ला जनसंघवाला आणि कम्युनिस्ट एका व्यासपीठावर बसू शकले, तर एका खात्यात काम करणाऱ्या दोघांनी बिल्ल्यापायी बोलणे सोडावे, हे शोभत नाही.

सरकारे येतील आणि जातील. गेलेली 156 गावे भाषणाने परत येत नाहीत, तसे आश्वासन आम्ही देणार नाही. पण जे आहे ते आपण झोपलो म्हणून गेले, असे पुढच्या पोरांना सांगायची पाळी आपल्यावर येऊ नये. पुढची ग्रामसभा किती तारखेला आहे, ते आज घरी जाताना विचारून जा.

जय हिंद! जय महाराष्ट्र!