फोटो काढला की संगणक बंद!



फोटो काढला की संगणक बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा फोटो काढा, पुन्हा बंद!

भुताटकी वाटावी असा हा प्रकार फेब्रुवारी २०१५ मध्ये खरोखर घडला. ‘रास्पबेरी पाय २’ हा एटीएम कार्डाएवढा संगणक नुकताच बाजारात आला होता. मोबाइलच्या एलईडी फ्लॅशने त्याला काही होत नसे. कॅमेऱ्याचा झेनॉन फ्लॅश पडला की मात्र तो मान टाकायचा. शोधणाऱ्यांनी बोर्डावरची ‘यू-१६’ ही चिप झाकली आणि फ्लॅश मारला. संगणक चालूच राहिला. चोर सापडला! वीजपुरवठा सांभाळणाऱ्या त्या चिपवर नेहमीचं काळं प्लास्टिकचं कवच नव्हतं. सौर पॅनेलमध्ये प्रकाशाने वीज निर्माण होते, तसाच परिणाम त्या उघड्या सिलिकॉनवर होऊन पुरवठा डळमळत होता.

खडकीकरांना असा शोध नवा नाही. १८६९ पासून इथे दारूगोळा कारखाना आहे, लष्कराची यंत्रं दुरुस्त करणारं बेस वर्कशॉप आहे. बिघाड कुठे आहे, हे कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, हे इथल्या मुलांना काय सांगायचं?

तुमच्या विज्ञान प्रदर्शनातला ‘रास्पबेरी पाय’ असाच अचानक बंद पडला, तर पहिला प्रश्न एकच: त्याला कुणी ‘बंद हो’ म्हटलं, की त्याची वीजच गेली? हुकूम मिळाला असेल तर बंद होण्याच्या पायऱ्या सिस्टीमच्या नोंदीत दिसतात. वीज गेली असेल तर नोंद अर्ध्यातच तुटते. अर्थात, ती नोंद मेमरी कार्डावर साठवायची सोय आधीच करून ठेवायला हवी.

हुकूम खोटाही असतो. उदाहरणार्थ, पायला जोडलेला, घरी बनवलेला बॅटरी-बोर्ड एका पिनवरून ‘बंद हो’ असा इशारा देतो. ती तार सैल झाली, पिन अधांतरी राहिली, तर आजूबाजूचा विद्युत गोंगाटही इशारा ठरतो.

वीज तुटत असेल तर मीटर चार्जरपाशी नव्हे, बोर्डापाशी लावा. बारीक केबलचा रोध ०.२ ओहम आणि प्रवाह २ ॲम्पियर असेल, तर वाटेतच ०.४ व्होल्ट गळतात. निघाले ५, पोचले ४.६; आणि पाय ४.६३ व्होल्टखालीच कमी दाबाची तक्रार करू लागतो.

आणि हो, प्रदर्शनात कुणाचा जुना पाय २ असेल, तर फोटोग्राफरकाकांना अडवू नका. बक्षीस समारंभाआधी त्या चिपवर चिकटपुट्टीचा गोळा तेवढा बसवा.