रिकाम्या चौकटींचे मोल

(हीरक महोत्सवानिमित्त वेलचेरी, चेन्नई येथे झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



वेलचेरी आणि शेजारचे तरमणी म्हणजे संगणक व्यवसायाची वस्ती. तुमच्यापैकी अनेकांची उपजीविका याच व्यवसायावर चालते. तुमच्या बोलण्यात एक पेच वारंवार येतो : नवे सॉफ्टवेअर उभारताना ते किती नेटके लिहावे? वापरणाऱ्याला नेमके काय हवे हे ठरलेले नसताना रेखीव रचनेवर महिने घालवले, तर श्रम वाया जातात. घाईने कसेबसे जोडले, तर पुढचा प्रत्येक बदल जिवावर येतो. मी भाषेची शिक्षिका. या पेचाकडे आपल्या लिपीच्या वाटेने पाहते.

१९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. ब्राह्मीपासून निघालेल्या या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, हे सूत्र त्यामागे होते. देवनागरीत ‘क’चे जे स्थान, तेच बंगाली, तेलुगू, तमिळमध्येही. यातून सिद्ध झालेला ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाण मानला. त्याची १९८८ ची आवृत्ती युनिकोडने आधाराला घेतली. प्रत्येक लिपीला १२८ चौकटी मिळाल्या आणि त्यांतल्या काही रिकाम्या राहिल्या.

त्या रिकामपणाचे मोल पुढे कळले. मराठीचा ‘ॲ’ मूळ कोष्टकात नव्हता. २००८ मध्ये तो आला, तेव्हा त्याला बसायला जागा होती. कुणालाही उठवावे लागले नाही. ‘ऱ’ची कथा तर या गावाशीच नाते सांगते. तमिळमधला कठोर ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून योजलेले हे अक्षर आज ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्याला’ अशा शब्दांतल्या मराठी अर्ध्या ‘र’च्या उपयोगी पडते. मात्र तोच ‘र’ दुसऱ्या रीतीनेही लिहिता येतो. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राला दोन वाटतात आणि शोधताना हाती लागत नाही.

सुंदर सूत्रालाही मर्यादा असते. तमिळ परंपरा २४७ अक्षरे मोजते. स्वर, व्यंजने आणि स्वरचिन्हे वेगळी ठेवणारा साचा आपल्या लिपीला सोयीचा नाही, असे अनेक तमिळ तज्ज्ञांचे म्हणणे होते. तमिळनाडू सरकारने २०१० मध्ये युनिकोडबरोबरच ‘टेस १६’ या वेगळ्या तमिळ संकेतालाही मान्यता दिली. एकाचा नेटकेपणा दुसऱ्याची अडचण ठरू शकतो, तो असा.

यातून मला एक विवेक दिसतो. अक्षराचे वळण, कळफलक, पडद्यावरची मांडणी उद्या बदलता येते. तिथे करून पाहावे, चुकले तर पुसावे. पण युनिकोडमध्ये अक्षराला एकदा दिलेला क्रमांक बदलत नाही, कारण त्यावर जगभरचे लेखन उभे राहते. जे परत घेता येणार नाही, तिथे सारी काळजी ओतावी. जे परत घेता येते, तिथे हात मोकळा ठेवावा. आणि जे अजून कळलेच नाही, त्याच्यासाठी रिकामी चौकट राखावी. सगळ्याच ओळी सारख्या घोटत बसणे ही कसोशी खरी. पण वेळ कुठे खर्चावा याचे भान त्यात नाही.

शाळेत आम्ही यालाच कच्ची वही आणि पक्की वही म्हणतो. पालकांना माझी विनंती आहे : मुलांच्या पक्क्या वहीतल्या सुवाच्य अक्षराचे कौतुक जरूर करा, पण कच्च्या वहीतली खाडाखोडही आवर्जून पाहा. उत्तर ठाऊक नसताना मूल कसे चालते, ते तिथेच दिसते. तुमच्या हाताखाली आज नवशिके अभियंते आहेत. त्यांनाही कच्ची वही वापरण्याची मुभा द्या आणि त्यातले पक्क्या वहीत काय जावे, हे ठरवायला शिकवा. शाळेने तुम्हाला दिलेल्या शिदोरीतला हा घास पुढच्यांच्या पानात वाढा, एवढेच मागते.