जर-तरचा डाव



स्नेहसंमेलनात कल्पनेला मोकळीक असते, म्हणून आज बुद्धिबळाच्या इतिहासातले काही जर-तर तुमच्यापुढे मांडतो. अशा विचाराला आपल्याकडे एका वाक्यात निकालात काढतात: आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. पण बुद्धिबळाच्या पटावर ही म्हण चालत नाही. डाव संपला की दोन्ही खेळाडू सोंगट्या पुन्हा मांडतात आणि इथे घोडा न मारता हत्ती सरकवला असता तर काय झालं असतं, हे तपासतात. हरलेल्याइतकाच जिंकलेलाही त्यात रमतो, कारण खरं शिकणं तिथेच होतं. अट एकच: एका वेळी एकच खेळी बदलायची, बाकीचा पट होता तसा ठेवायचा. जगभरात सर्वांत आवडता जर-तर बॉबी फिशरचा आहे. १९७२ मध्ये रेकयाविकला स्पास्कीला हरवून तो जगज्जेता झाला आणि १९७५ मध्ये आव्हान देणाऱ्या कार्पोव्हशी खेळलाच नाही. खेळला असता तर? मला या प्रश्नातून फारसं काही हाती लागेल असं वाटत नाही. त्यात एका माणसाचा स्वभाव बदलावा लागतो, आणि स्वभाव बदलला की तो फिशर उरत नाही. त्यापेक्षा नियम बदलून बघा, पटाशी कोणाला बसू दिलं ते बदलून बघा. विजेते कसे घडतात, हे तिथे कळतं.

आधी एक गमतीचा डाव मांडू. समजा, साऱ्या जगाने आपले देशी नियम स्वीकारले असते. प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर पुढे जाणार, किल्लेकोट नाही, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी, आणि सगळ्यांत मानाची मात म्हणजे प्यादेमात. मग १९२१ ते १९२७ जगज्जेता असलेल्या क्यूबाच्या कापाब्लांकाला बोटीने मुंबईला यावं लागलं असतं. तिथून तो सांगलीच्या एखाद्या वाड्यात मांडी घालून बसला असता आणि सवयीने प्यादं दोन घरं सरकवून पोराटोरांचं हसू झेलत राहिला असता. जाणकारांनी निकाल दिला असता की माणूस हुशार आहे, पण शास्त्र कच्चं आहे. हसण्यासारखं आहे खरं, पण उलट दिशेने हे घडलेलंच आहे. पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढले. आपले आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्याबरोबर ते १९२९ मध्ये लंडनला गेले, विलायती नियम अंगवळणी पाडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३२ आणि १९३३ मध्ये ते पुन्हा जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत तर त्यांनी खुद्द कापाब्लांकाला हरवलं. मग आश्रयदाते परतले आणि त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले. १९३५ मध्ये आपल्या वि. का. खाडिलकरांशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांच्या वाट्याला फक्त एक बरोबरी आली. त्यानंतर इतक्या मोठ्या खेळाडूचं नाव मोठ्या स्पर्धांत दिसत नाही.

आता इथे एकच खेळी बदला. परतलेल्या सुलतान खानांना खेळायला इथे एक राष्ट्रीय स्पर्धा मिळाली असती तर? आपला बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला १९५१ मध्ये. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ ला आंध्रातल्या एलुरूत झाली आणि रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सप्रे मराठी, याचा अभिमान आहेच. पण सुलतान खान तेव्हा हयात होते. ते १९६६ मध्ये वारले, आणि फाळणीमुळे तोवर परदेशी झाले होते. मधली वीस वर्षं त्यांची प्रतिभा कमी झाली नव्हती, पट कमी होता. कोणी म्हणेल, अस्सल प्रतिभा वाट काढतेच, आनंदनं काढलीच ना? आनंद १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला हे खरं. पण घरी शिकवणारी आई होती आणि मद्रासमध्ये, सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात, ताल चेस क्लब होता. त्याची वाट कोणीतरी आधी आखून ठेवली होती.

दुसरा जर-तर आपल्या घरातला आहे, आणि त्यात मघाच्या आत्याबाईंची म्हणच उलटते. नवाकाळ दैनिकाच्या नीळकंठ खाडिलकरांच्या तीन मुली, वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या दशकातली सगळी अजिंक्यपदं याच घरात गेली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूव्ह, यांनीही निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. मिशांची अट तिथे रद्द झाली. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेतीही झाली.

यावर आक्षेप येतो की नियमाने काय साधलं? १९८६ मध्ये हंगेरीच्या सुझन पोल्गारला पुरुषांच्या जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीतून रोखलंच की. बरोबर आहे. उघडलेलं दार पुन्हा लोटलं जातं, म्हणून ते पुन्हा उघडावं लागतं, आणि तिथेही नियम बदलावाच लागला. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: नागपूरची दिव्या देशमुख २०२५ चा विश्वचषक जिंकली तो महिलांचाच होता, मग रोहिणीच्या लढ्याशी त्याचा संबंध काय? संबंध किताबाचा आहे. बटुमीत झालेल्या त्या विश्वचषकात पंधरावं मानांकन असलेल्या दिव्याने झू जिनेर, हरिका, तान झोंगयी आणि अंतिम फेरीत कोनेरू हम्पी यांना हरवलं. त्याआधी ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. या विजयाने ती थेट भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, आणि हा किताब स्त्री-पुरुष सगळ्यांना एकच आहे.

शेवटचा जर-तर तुमच्याच दारातला. दिव्याच्या पटावरची एकच खेळी बदला: जन्म नागपूरऐवजी आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्यात किंवा रिसोडात. बुद्धी तीच, जिद्द तीच. नागपूरने रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता हे ग्रँडमास्टरही दिले. हुशारी काय फक्त तिथेच पिकते? मला ते मुळीच पटत नाही. तिथे पट मांडलेला आहे, शिकवणारे आहेत, तुल्यबळ प्रतिस्पर्धी आहेत. आता मोबाइलवर सगळं जग खेळायला मिळतं, असं तुम्ही म्हणाल. सरावाला ते उत्तमच आहे, आणि वाशीमच्या मुलांनी त्याचा पुरेपूर फायदा घ्यावा. पण फिडेचं, म्हणजे जागतिक संघटनेचं, नेहमीच्या डावांचं मानांकन समोरासमोर बसून खेळल्यावरच मिळतं. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशीमचं नाव आलं. मागासलेपण दूर करायला रस्ते, शाळा, दवाखाने हवेतच. पण पट मांडायला निधीची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून प्राचार्य महोदय, आपल्याला एक विनंती आहे. ग्रंथालयात दहा पट आणि घड्याळं कायमची मांडून ठेवा. सहाही तालुक्यांतल्या शाळांसाठी दरवर्षी एक खुली स्पर्धा भरवा आणि तिच्यात मुलं-मुली एकाच गटात खेळू द्या. आणि विद्यार्थ्यांनो, पुढच्या संमेलनाच्या पत्रिकेत बक्षीस समारंभाच्या शेजारी त्या स्पर्धेच्या विजेत्याचं किंवा विजेतीचं नाव छापून आणायची जबाबदारी तुमची.